रत्नागिरीला जायचंय? आधी कालनिर्णय काढा

रत्नागिरीला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा राहिलात कुठे, तर बहुतेक जण सांगणार गणपतीपुळ्याला. स्टेशनला उतरले, बाहेर गाडी उभीच होती, बसले आणि थेट पुळे. दर्शन, बीच, उंट, एक दिवस मालगुंड, आणि परत स्टेशन. मधे रत्नागिरी नावाचं एक अख्खं शहर लागतं, ज्याला दोन बाजूंनी वेगवेगळा समुद्र आहे, किल्ला आहे, खाडी आहे, बंदर आहे, एका परदेशी राजाचा राजवाडा आहे, ते सगळं गाडीच्या काचेतून. मला हे कधीच पटलेलं नाही. पुळ्याशी माझं काही वाकडं नाही, जायचंच, पण अर्धा दिवस, मुक्काम शहरात. आत्या माळनाक्याला राहायची तेव्हा आम्ही सुट्टीत तिकडेच असायचो त्यामुळे मी थोडी बायस्ड आहे हे आधीच सांगून टाकते.

आता आत्या-काका मुलाकडे बंगलोरला असतात, त्यामुळे यावेळी पहिल्यांदाच "पाहुणे" म्हणून प्लॅन करतेय, हॉटेल वगैरे शोधून. आम्ही पुण्याहून चौघं, ताई-भाऊजी आणि त्यांची लेक ठाण्याहून, आणि आई. आईचे गुडघे, भाऊजींचे वार (शनिवारी मारुतीचा म्हणून नॉनव्हेज बंद, सोमवारी शंकराचा म्हणून बंद), मुलांचा "पाण्यात खेळायचंय" हा एककलमी कार्यक्रम. ग्रुपवर तारखा ठरवण्यावरूनच इतके मेसेज झाले की शेवटी मी म्हटलं थांबा, तारीख मी सांगते, आणि कालनिर्णय काढलं.

म्हणजे मुहूर्त नाही हं बघायचा. भरती-ओहोटी.

काकांनी लहानपणी शिकवलेला हिशोब आहे, किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीन वाजता समुद्र भरलेला. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. शुक्ल असो की कृष्ण, प्रतिपदेपासून मोजायचं. आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, मोबाईलवर भरतीची अचूक टाइमटेबलं मिळतात ती बघा की, पण महिनाभर आधी सोफ्यावर बसून वीकएंड निवडायला या हिशोबासारखं दुसरं काही नाही.

याचा उपयोग काय, तर बघा. बीचवर आपण जातो कधी, संध्याकाळी पाच ते सात. समजा तुम्ही अष्टमी-नवमीला गेलात. सहा-पावणेसात म्हणजे नेमकी तेव्हाच भरती, वाळूची एक पट्टी उरलेली, लाटा पायऱ्यांपर्यंत, मुलांना ओरडत बसायचं "मागे ये मागे ये". तेच पौर्णिमा किंवा अमावस्येला, पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, सव्वाअकराला भरती तर साडेपाचला ओहोटी. त्यातून पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी एरवीपेक्षा जास्त मागे जातं. भाट्याचा किनारा तेव्हा एवढा रुंद होतो की क्रिकेटच्या चार टीम खेळत असतात आणि तरी मोकळा वाटतो. उलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

तर पौर्णिमा किंवा अमावस्या धरून वीकएंड शोधायचा. अमावस्येला आई निघणार नाही, त्यामुळे पौर्णिमा. त्यातही एक मेख आहे, पौर्णिमा शुक्रवारी आली तर साधारण चार दिवसांनी मंगळवारी संकष्टी, म्हणजे अंगारकी, म्हणजे सोमवार दुपारपासूनच पुळ्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग आणि सगळ्या लॉजचे रेट डबल. ती टाळायची. 26 जानेवारी यंदा सोमवारी आहे, म्हणजे तो लाँग वीकएंड, तोही टाळायचा, त्या तीन दिवसांत अख्खं पुणे कोकणात असतं. आणि त्याच्या पुढचाच रविवार, 1 फेब्रुवारी, माघी पौर्णिमा! गर्दी येऊन गेलेली, सगळे दमून घरी. शुक्रवारी 30 ला पोचायचं, सोमवारी निघायचं. शुक्रवारी ओहोटी चारच्या सुमाराला, शनिवारी पावणेपाच, रविवारी साडेपाच. म्हणजे तिन्ही संध्याकाळी मोकळी वाळू. मी हे ग्रुपवर टाकलं तर भाऊजींनी हात जोडल्याची इमोजी पाठवली, आदराने की वैतागून ते कळलं नाही.

एप्रिल-मे का नाही हा प्रश्न मुलांनी विचारला, आंबे म्हणून. बरोबर आहे, पण मे मधे रत्नागिरीत दुपारी बारा ते चार माणूस बाहेर पडू शकत नाही, घामाने कपडे पिळून काढावे लागतात, आणि तिकीट मिळत नाही कारण सगळे चाकरमानी गावी. जून-जुलै तर विषयच नाही, समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, आणि रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू चालते. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं मान्य, पण ते घाटातून आणि पडवीत बसून बघायचं. थंडी उतरणीला लागलेली असते तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा मला सगळ्यात आवडतो. हापूस नसतो पण कलमांना मोहोर असतो, बाग जवळ आली की वास आधी येतो. आणि ओले काजूगर नुकते बाजारात यायला लागतात. सुरुवातीला भाव असा असतो की बायका हातात घेऊन परत ठेवतात. आम्ही घेणार. ओल्या काजूची उसळ ही एक गोष्ट मी पैशाचा विचार न करता खाते.

बरं आता पोचायचं कसं. आम्ही पुण्याहून गाडीने, कोल्हापूर हायवेने कराडपर्यंत, मग मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि आत शहरात. तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर होतं, रस्त्याची कामं चालू असल्यामुळे वेळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आम्ही पहाटे पाचला निघून जेवायला पोचलो तर खूश. मुंबईकडून गाडीने यायचा विचार ताईने केला होता, मी म्हटलं अजिबात नको. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, काही पट्टे आता मस्त झालेत, कशेडीला बोगदा झालाय, पण मधेच असा एखादा डायव्हर्जन येतो की सगळी मजा धुळीत. शिवाय कोकण रेल्वे असताना गाडी चालवत का यायचं.

रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होतं ते 2024 च्या नोव्हेंबरपासून बदललं, अजूनही लोक चार महिने आधी साईट उघडून बसतात आणि तारीखच दिसत नाही म्हणून फोन करतात. 30 जानेवारीचं तिकीट 1 डिसेंबरला सकाळी आठला उघडलं आणि ताई पावणेआठपासून बसली होती. वंदे भारत बघत होती ती, पण ती शुक्रवारी नसते. मग तुतारी. केशवसुतांच्या कवितेवरून नाव ठेवलंय गाडीला आणि केशवसुत मालगुंडचे, पुळ्याच्या शेजारचे, म्हणजे आपल्याच ट्रिपमधला माणूस. सावंतवाडीपर्यंत जाते ही गाडी. तर तुतारी दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. इथे लोकांचा घोळ होतो. तिकिटावर 30 तारीख म्हणजे गुरुवारी 29 च्या रात्री जेवून घरातून निघायचं, शुक्रवारी रात्री नाही. ताईला मी हे फोनवर सांगितलं, मेसेज केला, आणि भाऊजींच्या ऑफिसच्या रजेचा अर्ज पण 30 चाच आहे ना हे विचारून घेतलं. सकाळी रत्नागिरी, म्हणजे आमच्या आधीच पोचणार ते. परतीला सोमवारी मात्र वंदे भारत मिळाली, संध्याकाळी रत्नागिरीला येते, रात्री ठाण्यात.

दिवसाची गाडी मिळाली तर ती घ्या खरं तर, रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, मुलं एक-दोन-तीन करत मोजायला लागतात आणि कंटाळून सोडून देतात तरी तो संपत नाही. स्टेशन शहरात नाहीये हेही माहीत असू द्या, कुवारबावच्या बाजूला वर आहे, तिथून पाच-सहा किलोमीटर खाली यावं लागतं. रिक्षा असतात, आधी ठरवून बसा.

हॉटेल. आम्ही मारुती मंदिरच्या जवळ घेतलंय. शहराच्या मधोमध, रिक्षा कधीही मिळते, औषधाचं दुकान समोर, खायला पर्याय. समुद्राजवळच्या एका ठिकाणी फोन केला होता तर म्हणाले सी व्ह्यू रूम आहे, फोटो मागितला तर गच्चीवरून काढलेला फोटो पाठवला, म्हटलं रूमच्या खिडकीतून काढून पाठवा, त्यानंतर रिप्लाय नाही. मी फोनवर तीनच गोष्टी विचारते, लिफ्ट आहे का (आई), गरम पाणी किती ते किती, आणि दोन गाड्या उभ्या राहतील का. सी व्ह्यूला पैसे घालवू नयेत असं माझं मत, कारण या शहरात कुठेही असलात तरी समुद्र दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आणि रूममधे आपण झोपायलाच जातो.

आता दिवसांचं. शुक्रवारी सगळे दमलेले असणार, त्यात मासे खायचा तो एक दिवस (दुसरा रविवार). दुपारी खानावळीत जेवण, मी कुठलं नाव सांगत नाही, गर्दीत स्थानिक लोक दिसले की आत शिरा. सुरमई-पापलेटच्या थाळ्या सगळीकडे असतात आणि सगळीकडे महाग असतात, त्यापेक्षा बांगडा ताजा आहे का विचारा, तिसऱ्या आहेत का विचारा, असतील तर सुकं मागवा. ताटात तांदळाची भाकरी. सोलकढी गुलाबी रंगाची आणि पातळ असेल तर परत मागू नका, चांगली सोलकढी नारळाच्या दुधाने घट्ट असते, आगळाचा आंबटपणा आधी लागतो आणि लसूण-मिरची मागून घशाशी येते. आत्या वाटीत शेवटचा घोट उरला की त्यात भात कालवायची. संध्याकाळी मांडवी. काळी वाळू, जेटी, भेळेच्या गाड्या, आणि अख्खी रत्नागिरी हवा खायला आलेली. कॉलेजची पोरं, रिटायर्ड मंडळींचे ठरलेले कट्टे, नवी सून घेऊन आलेल्या सासवा. टुरिस्ट कमी असतात म्हणून तर मला आवडतं. आईला बसायला जागा आहे आणि एक पायरी चढावी लागत नाही.

शनिवार सकाळ राजवाड्याला ठेवलीय, आणि ती मी कशासाठीही हलवणार नाही, कारण थिबा पॅलेसमधे सरकारी म्युझियम आहे, सोमवारी बंद. मुलांना आधी गोष्ट सांगून ठेवायचीय, नाहीतर ती "जुनं घर" म्हणून पाच मिनिटांत बाहेर येतील. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 मधे इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला राणी आणि मुलींसकट उचलून दुसऱ्या वर्षी इथे आणून ठेवलं, मंडालेपासून इतक्या लांब की कोणी सोडवायला येऊ नये. त्याआधी आपला बहादूरशहा जफर त्यांनी रंगूनला नेऊन ठेवला होताच, म्हणजे आपला बादशहा तिकडे आणि त्यांचा राजा इकडे, हिशोब पूर्ण. हा राजवाडा बांधून झाला 1910 मधे, तोपर्यंत चोवीस-पंचवीस वर्षं तो इतर बंगल्यांत राहिला, आणि राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं काढून 1916 च्या डिसेंबरमधे गेला. परत ब्रह्मदेश बघितला नाही. वरच्या मजल्यावरून खाली खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो, लहानपणी मला वाटायचं काय मजा या राजाची, रोज हा व्ह्यू. आता तिथे उभं राहिलं की दुसरंच काहीतरी मनात येतं. त्याची कबर शिवाजीनगरला आहे, घरांच्या मधे, शोधत जावं लागतं, शेजारी राहणाऱ्यांनाही कधी कधी दोनदा विचारावं लागतं. 2012 मधे म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः तिथे येऊन गेले होते.

तिथून जवळच थिबा पॉइंट, भाट्याची खाडी, पूल, नारळाची झाडं, फोटो तिथलेच येतात सगळ्यांच्या स्टेटसला. जेवून मग पुळ्याला, आरे-वारे मार्गे. हायवेने जाऊ नका प्लीज. आरे-वारेचा रस्ता म्हणजे चढ चढून वळण घेतलं की एकदम खाली दोन किनारे, मधे टेकडी, ड्रायव्हरसकट सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज. पंचवीसेक किलोमीटर सगळा रस्ता. पण तिथे पाण्यात उतरायचं नाही, हे मुलांना गाडीत बसायच्या आधी सांगायचं. वरून शांत दिसतो तो समुद्र पण खाली ओढ आहे, तिथे आणि पुळ्यालाही माणसं बुडण्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि बहुतेक सगळे आपल्यासारखेच घाटावरचे असतात. पुळ्याला दर्शन, आई देवळात बसेल, बाकीच्यांनी टेकडीची प्रदक्षिणा करायची, भाऊजींचा शनिवार असल्यामुळे तिथलं शाकाहारी जेवण आणि मोदक आपोआप मार्गी लागले. मोदक मात्र आधी फोन करून सांगावे लागतात. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक ताईला बघायचंय, ती मराठी शिकवते, तिला नाही म्हणायची कोणाची हिंमत नाही.

रविवारी सकाळी टिळक आळी, लोकमान्यांचं जन्मघर, 1856 चा जन्म त्यांचा, कौलारू घर जपून ठेवलंय, अर्धा तास पुरतो. जवळच पतितपावन मंदिर. हे 1931 चं, सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशांनी बांधून दिलं, कुठल्याही जातीच्या माणसाला गाभाऱ्यापर्यंत प्रवेश. बाहेरून साधं देऊळ वाटतं त्यामुळे रिक्षावाला थांबवत नाही, तुम्ही थांबवा. मग मुलांसाठी झाडगावचं मत्स्यालय, तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, तो बघून मुलं दोन मिनिटं का होईना गप्प बसतात.

पावस, कशेळीचा कनकादित्य, पूर्णगड ही सगळी दक्षिणेकडची ठिकाणं या वेळी कट. भाऊजींनी कुठल्यातरी व्हिडिओवरून "रत्नागिरीतली 21 ठिकाणं" अशी यादी पाठवली होती, मी ती डिलीट फॉर एव्हरीवन करू शकत नव्हते म्हणून फक्त इग्नोर केली. फार तर पावस, सोमवारी सकाळी आईला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात जायचं असेल तर, दुपारी खिचडीचा प्रसाद असतो, आणि सोमवार असल्यामुळे तोही चालेल.

रविवार संध्याकाळवर अजून भांडण चालू आहे. पौर्णिमा, साडेपाचला ओहोटी. माझं म्हणणं भाट्ये, सुरूच्या बनाशी गाडी लावायची, झरी विनायकाला नमस्कार करायचा आणि अंधार पडेपर्यंत वाळूत चालायचं, मुलांनाही तिथे मनसोक्त हुंदडता येईल. नवऱ्याचं म्हणणं रत्नदुर्ग. त्याचाही मुद्दा चुकीचा नाही, किल्ल्यावरून तिन्ही बाजूंना पाणी, भगवतीचं देऊळ, एका हाताला मिरकरवाड्याच्या बोटी, पलीकडे मिऱ्या, आणि पौर्णिमा म्हटल्यावर समोर सूर्य समुद्रात जाताना मागे शहरावरून चंद्र वर येणार. गाडी बऱ्यापैकी वर जाते पण पायऱ्या आहेत, आईचं काय. आई म्हणते मी देवळाच्या पायरीशी बसते, तुम्ही फिरून या. ताई म्हणते आईला एकटीला बसवून कोण फिरणार. मग दोन गट करा, अर्धे वर अर्धे खाली, असं मुलांनी सुचवलंय, आणि कोण कुठे यावर आता पोल टाकलाय.

हॉटेलचा ॲडव्हान्स गेला, तिकीटं कन्फर्म आहेत, आणि आता या टप्प्यावर भाऊजी विचारतायत की गोवाच का नाही करत आपण. त्यांना म्हटलं तुतारी पुढे सावंतवाडीपर्यंत जाते, तिथून गोवा हाकेवर, रत्नागिरी आलं की उतरू नका, झोपून राहा. ताईने त्यावर हसण्याच्या सात इमोजी टाकल्यात.